काचहौदांच्या परीक्षेची बखर

श्री जळदेवता प्रसन्न. काचेच्या अलीकडे बसून पलीकडचा जीव पाळणारे जे सज्जन, त्यांचे सेवेसी कोणा एका लेखकाचा दंडवत. लेखकाचें नांव पुसूं नये, कारण त्याचेही घरीं हौद आहे आणि हौदाचें सामान विकणारांशीं वैर त्यास परवडत नाहीं. शके सत्राशें, विलंबी नाम संवत्सर, ते समयीं घाटावरील एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें लिहून कळवावें म्हणून आपली आज्ञा, त्यावरून जैसें घडलें तैसें लिहितों. राज्याचेंही नांव लिहीत नाहीं. तेथील लोक अद्याप नांदत आहेत आणि त्यांस राग लवकर येतो.

त्या राज्याचे धनी खेळोजी राजे. मनाचे उदार, लढाईंत शूर, परंतु एकदां कशाचा नाद लागला कीं दुसरें कांहीं दिसूं नये, ऐसा स्वभाव. ते एके वर्षीं आरमार पाहावयास कोकणांत उतरले आणि ओहोटीचे वेळीं खडकाच्या कपारींत त्यांनीं जितें प्रवाळ पाहिलें. हें झाड नव्हे, दगडही नव्हे, यास तोंड आहे आणि हें जेवतें, ऐसें कोळ्यांनीं सांगितलें, तेव्हां राजे तेथेंच ओल्या खडकावर मांडी घालून बसले आणि आरमार न पाहतांच परतले. मग फिरंग्यांकडून जाड काच आणविली, दिवाणखान्यांत हौद बांधिला, बैलांवर पखाली लादून समुद्राचें पाणी घाट चढवून आणिलें, आणि प्रवाळ, मासे, शंख त्यांत सोडिले. धन्यानें केलें तें चाकरानें करावें ही जगाची रीत. वर्ष फिरलें नाहीं तोंच प्रत्येक मानकऱ्याचे घरीं काचहौद उभा राहिला, आणि पूर्वी सोयरीक जुळवितांना घोडा किती, गांव किती, असें पुसत, तेथें आतां प्रवाळ किती, असें पुसूं लागले. एका लग्नांत मुलाच्या बापाचा हौद गढूळ दिसला, म्हणून मुलीकडील मंडळी पानावरून उठली. परंतु प्रवाळ मोठें नाजूक आणि सरदार मोठे हौशी. कोणी माशांस चकली कुस्करून घाली, कोणी पाण्यास वास बरा यावा म्हणून गुलाबपाणी ओती, कोणी पाहुण्यांस दाखवावयास प्रवाळ उचलून पंक्तींत फिरवी. मग प्रवाळ मरे, आणि पांढरा सांगाडा गुपचूप काढून नवें आणवावें आणि हें जुनेंच आहे म्हणून सांगावें, हें घरोघर चाले, आणि प्रत्येकास वाटे कीं आपल्याच घरीं मरतें.

ऐशा समयीं निळोपंत अमृते म्हणून एक गृहस्थ राज्यांत आले. अमृते हें आडनांव पिढीजाद कीं धंद्यापुरतें, हें लेखकास ठाऊक नाहीं. उंच, शांत, बोलणें लोण्यासारखें. त्यांनीं तीन कुप्या आणिल्या होत्या. एकीचें नांव प्राणबिंदु, दुसरीचें वर्णबिंदु, तिसरीचें स्थैर्यबिंदु, आणि मिळून त्रिबिंदु. पहिलीनें प्रवाळांत जीव येतो, दुसरीनें रंग चढतो, आणि तिसरीनें आलेला जीव व चढलेला रंग परत जात नाहीं. कुपींत आहे काय, असें पुसलें तर पंत 'सातां समुद्रांचें सत्त्व' म्हणत आणि डोळे मिटीत. थेंबांबरोबर त्यांनीं नेमही घालून दिले. आठां दिवशीं हौदाचें थोडें पाणी काढून तितकें ताजें घालावें, आटेल तेवढी भर गोड्या पाण्याची रोज करावी, माशांस चिमटीभरच खाणें द्यावें, दुपारचें ऊन लागूं देऊं नये, पाण्यांत हात घालूं नये, आणि पहांटे स्नान करून तिन्ही कुप्यांचे थेंब सोडावे. एकही नेम मोडला तर थेंबांचा गुण जातो, असें बजाविलें. सरदारांस कोणी नुसतें 'पाणी बदला' म्हटलें असतें तर त्यांनीं त्यास बाहेर घातलें असतें, परंतु हें व्रत म्हणून आलें, तेव्हां सोवळें नेसून पाळूं लागले. चकल्या बंद जाहल्या, गुलाबपाणी बंद जाहलें, प्रवाळाची पंक्तींतली फेरी बंद जाहली, आणि प्रवाळ जगूं लागलें. यांत नवल तें काय, परंतु लोकांनीं नवल केलें आणि सगळें श्रेय थेंबांस दिलें. राजांनीं पंतांस 'दर्यासंजीवन' ऐसा किताब दिला, पालखी दिली, आणि पालखीपुढें निळें निशाण चालवावयाची परवानगी दिली. पुढें ज्याचें प्रवाळ जगलें तो थेंबांचा गुण, आणि ज्याचें मेलें तो धन्याचा दोष, ऐसा न्याय रूढ जाहला. थेंब कमी पडले, थेंब जास्त जाहले, पखाल शिळी होती, आणि कांहींच सांपडलें नाहीं तर घरांत कोणीतरी मनांतून संशय घेतला. हा शेवटला दोष फार सोयीचा होता, कारण मन उघडून दाखवितां येत नाहीं.

आतां त्या राज्यांत सगुणाबाई रणनवरे म्हणून एक सरदारीण होती. नवरा लढाईंत पडल्यावर पथक तिनेंच चालविलें, घोडीं तीच पारखून घेई, आणि जीभ ऐसी कीं पथकांतले शिलेदार शत्रूस कमी भीत. तिचे शेजारीं सिदोजीराव खलाटे राहत. ते तिच्या यजमानांचे जिवलग, म्हणून ती त्यांस भावजी म्हणे आणि ते तिला वहिनी म्हणत. सिदोजीरावांच्या हौदांत एक जुनें प्रवाळ होतें, वाटोळें, अक्रोडाच्या गरासारखें वळ्यावळ्यांचें, तांबूस रंगाचें. त्यांची स्त्री गोजराबाई हिनें कोकणच्या किनाऱ्यावर तें स्वतः निवडलें आणि स्वहस्तें हौदांत बसविलें, आणि पुढल्याच वर्षीं ती देवीच्या सांथींत वारली. तेव्हांपासून सिदोजीराव रोज सकाळीं हौदापाशीं पाट मांडून बसत आणि घरचें दारचें वर्तमान त्या प्रवाळास सांगत. लोक हंसत, पण त्यांच्या समोर कोणी हंसला नाहीं. राव मूळचेच नेटके, पाणी वेळेवर बदलीत, माशांस बेतानें घालीत, आणि तें प्रवाळ राज्यांत सर्वांत निकोप होतें. तरी सगळे त्रिबिंदु घालतात आणि आपण घालीत नाहीं, पुढें कांहीं बरें वाईट जाहलें तर, ऐसें मनांत येऊन त्यांनींही थेंब सुरू केले. दोन महिने गेले आणि तांबूस रंग फिका पडूं लागला. राव घाबरून पंतांकडे गेले. पंत म्हणाले कीं जुना रंग उतरतो तेव्हांच नवा चढतो, थेंब दुप्पट करावे. दुप्पट केले, तों एका बाजूनें मांस सुटलें आणि पांढरें हाड दिसूं लागलें. पुनः गेले, तों पंत म्हणाले कीं हें चांगलें लक्षण आहे, दोष बाहेर पडतो आहे.

सगुणाबाई एके सकाळीं कांहीं कामानिमित्त गेली आणि तिनें तें पाहिलें. तिच्या स्वतःच्या हौदांतही थेंब पडत होतेच, कारण ती कांहीं जगावेगळी नव्हती. परंतु तें हाड पाहतांच पाट ओढून ती रावांजवळ बसली आणि म्हणाली, "भावजी, नेम सगळे ठेवा. थेंब तेवढे महिनाभर सोडून पाहा." राव म्हणाले, "आणि त्या महिन्यांत गेलें तर?" ती म्हणाली, "आतांही जातेंच आहे." तेव्हां राव हौदाकडे पाहत हळू बोलले, "आतां जातें तें मी करीत असतां जातें, वहिनी. मग जाईल तें मी न केल्यानें जाईल." घरीं येऊन ती दिवसभर जेवली नाहीं. मग दुसरे दिवशीं पालखी काढून तडक निळोपंतांच्या बिऱ्हाडीं गेली. मनांत होतें कीं हा चोर आहे, त्यास चारचौघांत उघडा पाडूं. पंतांनीं बैठक घातली, पानसुपारी दिली, आणि आपला हौद दाखविला. तो खरोखर उत्तम होता. तिनें पुसलें, "पंत, बाकीचे नेम सगळे पाळले आणि थेंब मात्र घातले नाहींत, ऐसा एखादा हौद आपण कधीं ठेवून पाहिलात?" पंत बराच वेळ काचेवरचा डाग पुसत राहिले. डाग गेला तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "धीर जाहला नाहीं, बाईसाहेब. पहिल्या हौदांत घातले आणि तो जगला. पुढें दुसऱ्यांत न घालण्याचें पाप कोणी घ्यावें?" सगुणाबाई उठून घरीं आली. ती पुढें म्हणे कीं चोर असता तर सोपें होतें, चोरास निदान आपण काय करितों तें ठाऊक असतें.

मग तिनें भर दरबारीं अर्ज केला कीं थेंबांची परीक्षा व्हावी. घोडा घ्यावयाचा तर सौदागर सांगतो म्हणून कोणी घेत नाहीं, दौडवून पाहतो. प्रवाळ घोड्याहून गरीब जीव, त्यास लाथही मारतां येत नाहीं, तर त्याच्या वतीनें कोणीतरी दौडवून पाहावें. हें ऐकतांच दरबारांत गलका जाहला. एक शास्त्री उठले आणि म्हणाले कीं श्रद्धेस पुरावा मागणें म्हणजे आईस तुझें दूध नासकें तर नाहीं, असें पुसणें होय. एक सरदार म्हणाले कीं थेंब घालून नुकसान तर होत नाहीं ना, मग पुरावा कशास? त्या वेळीं सिदोजीराव दरबारांत बसले होते आणि ते गालिच्याची नक्षी पाहत होते. सरनोबत म्हणाले कीं प्रत्येक हौद निराळा, प्रत्येक घरचें पाणी निराळें, हौदास हौदाची तुलना होतच नाहीं. सगुणाबाई म्हणाली कीं मग कोणी थेंबांचा गुण पुसला म्हणजे सगळे मिळून आपल्या हौदाकडे बोट कां दाखवितां? सरनोबत खालीं बसले, आणि पगडी सारखी करण्यांत त्यांचा फार वेळ गेला. खेळोजी राजांस या भांडणाची मौज वाटली. त्यांनीं निळोपंतांस पुसलें, आणि पंत म्हणाले कीं सरकार, परीक्षा व्हावी, मला भय नाहीं. मग राजांनीं पुसलें कीं अर्ध्या हौदांत थेंब घालावयाचे, अर्ध्यांत नाहीं, तर न घालावयास आपला हौद कोण देतो? यावर दरबार ऐसा शांत जाहला कीं बाहेर हत्ती कान हालवीत होता तो आवाज ऐकूं आला. परीक्षा अवश्य व्हावी, ती दुसऱ्याचे घरीं व्हावी, ऐसें सर्वांचें एकमत पडलें. त्या राज्यांत इतकें एकमत पूर्वी कधीं पडलें नव्हतें.

तेव्हां सगुणाबाईच्या सल्ल्यानें राजवाड्याच्या लांब ओवरींत नवे हौद बांधिले, सगळे एका मापाचे. पाणी एकाच खेपेचें, आणि राजांच्या एकाच प्रवाळाचे तुकडे करून प्रत्येकांत एकेक लाविला. चिठ्ठ्या टाकून अर्धे हौद त्रिबिंदूस नेमिले आणि अर्ध्यांस तशाच कुप्यांतून, त्याच रंगाचें, नुसतें खारें पाणी घालावयाचें ठरलें. नेम सगळ्यांस सारखेच. कोणत्या हौदांत काय पडतें हें एकट्या थोरल्या आईसाहेबांस ठाऊक, कुप्या भरावयाच्या त्यांनींच. त्या राजांच्या आजी. आईसाहेबांनीं कित्येक वर्षांत एकाची गोष्ट दुसऱ्यास सांगितली नव्हती, कारण कोणाशींच त्यांचें बोलणें नव्हतें. थेंब जिंकले तर सगुणाबाईनें आपला हौद दरबारासमक्ष फोडावा आणि पंतांची क्षमा मागावी, थेंब हरले तर पंतांनीं किताब परत करावा, ऐसा करार जाहला. मार्गशीर्षांत आरंभ जाहला आणि ज्येष्ठांत निकाल नेमिला, कारण प्रवाळ सावकाश वाढतें आणि सावकाश मरतें, त्यास घाई ठाऊक नाहीं. ओवरीस मग जत्रेचें रूप आलें. सरदार रोज येत आणि हा पाहा त्रिबिंदूचा, काय तेज आहे, आणि तो पाहा बिनथेंबांचा, कसा मलूल दिसतो, असें छातीवर हात मारून सांगत. दोघांनीं एकाच हौदावरून तेजस्वी आणि मलूल म्हणून तरवारी उपसल्या, त्या चोपदारांनीं म्यान करविल्या.

इकडे सिदोजीरावांच्या प्रवाळाचें हाड दिवसेंदिवस उघडें पडत चाललें. सगुणाबाई वरचेवर जाई आणि थेंब थांबवा म्हणे. एके दिवशीं राव रागावले आणि म्हणाले, "तुमचा निकाल ज्येष्ठांत, वहिनी. तोंवर मी काय करूं तें सांगा. ठाऊक आहे म्हणून सांगा, वाटतें म्हणून नको." तिला वाटत होतें, ठाऊक नव्हतें, आणि ती खोटें बोलणारी नव्हती. राव म्हणाले कीं मग येत जाऊं नका, आणि त्यांनीं मधलें दार लावून घेतलें. तेव्हां ती बाई, जिनें दरबारास चिठ्ठ्यांची आणि गुप्ततेची शिस्त शिकविली, ती स्वतःच थोरल्या आईसाहेबांच्या दारीं गेली. आंत जाऊन पाय धरिले आणि म्हणाली कीं सगळें नको, एवढेंच सांगावें, थेंबांनीं अपाय होतो कीं नाहीं, एक जीव जातो आहे. आईसाहेब जपमाळ ओढीत होत्या. त्यांनीं माळ थांबविली नाहीं. म्हणाल्या, "आज सांगितलें तर तुला हवें तेंच सांगितलें म्हणतील. मग पुढें ज्यांचे जीव जातील त्यांचें काय?" सगुणाबाई परत फिरली. तिनें मागितलेली परीक्षा खरी होती, आणि खरी होती म्हणूनच ती रावांच्या उपयोगी पडत नव्हती, हें तिला त्या जिन्यावर कळलें आणि ती जिन्यावरच कांहीं वेळ बसून राहिली.

ज्येष्ठ आला. राजे, आईसाहेब, दरबार, सगळे ओवरींत जमले, आणि नगरचे लोक खांबाखांबाशीं लोंबकळले. काढल्या चिठ्ठ्या वाचण्यापूर्वीं सगुणाबाई म्हणाली कीं सरकार, निळोपंतांनींच आपले हौद ओळखावे. त्यांच्याहून थेंबांचा जाणता कोण? पंतांनीं मान हालविली आणि एकेका हौदापुढें उभे राहिले. वांकून पाहत, काचेस कान लावीत, मग ज्यावर मन बसेल त्यावर आपलें एकेक लहान निळें निशाण ठेवीत. दरबारही डोलत होता कीं बरोबर, हाच, आम्ही म्हणतच होतों. सगळीं निशाणें ठेवून जाहल्यावर आईसाहेबांनीं उठून नांवें सांगितलीं. पंतांचीं निम्मीं निशाणें खाऱ्या पाण्याच्या हौदांवर होतीं. मग सगळे हौद निरखून पाहिले. थेंबांच्या हौदांत प्रवाळ कांहीं वाढलें होतें, कांहीं मेलें होतें. खाऱ्या पाण्याच्या हौदांत कांहीं वाढलें होतें, कांहीं मेलें होतें. तफावत एवढीच कीं थेंबांच्या काचांवर हिरवें शेवाळ थोडें दाट होतें. राजांनीं पुसलें, "पंत, काय म्हणणें आहे?" निळोपंतांचा चेहरा उतरला होता. राजांकडे न पाहतां ते त्या ओळीकडे पाहत म्हणाले, "मला ओळखतां आलें नाहीं, सरकार." एवढेंच बोलले. मग किताबाचा पट्टा गळ्यांतून काढून दोन्ही हातांवर घेऊन उभे राहिले. एखादे राज्यांत गोष्ट येथें संपली असती.

परंतु राजे पट्टा घेईनात. किताब त्यांनींच दिलेला, निशाणाची परवानगी त्यांचीच, आणि तीन शेजारच्या राजांस त्यांनीं स्वहस्तें त्रिबिंदूची तारीफ लिहून पाठविलेली. तो पट्टा परत घेणें म्हणजे आपली पगडी आपण उतरविणें. सरदारांचेंही तेंच. ज्यानें त्यानें सासुरवाडीस, व्याह्यांस, मेहुण्यांस कुप्या घ्यावयास लाविलें होतें. तेव्हां अंताजीपंत चिटणीस पुढें जाहले. त्यांची अक्कल ऐसी कीं पाण्यावर रेघ काढावी आणि ती टिकावी. ते म्हणाले कीं महाराज, थेंब हरले असें कोठें जाहलें? बरोबरी जाहली. आणि मुख्य गोष्ट ही कीं आजवर कोणत्याही राज्यांत कोणत्याही औषधाची ऐसी परीक्षा जाहली नाहीं. ती आपल्या राज्यांत जाहली. हें भूषण लपवावें कां? कुपीवर सरकारी शिक्का असावा, 'राजदरबारीं परीक्षा जाहलेलें'. यांत खोटें अक्षर नाहीं. राजांचे मुखावर तेज आलें, सरदारांनीं 'वाहवा' केली, आणि शिक्का मंजूर जाहला. निळोपंत 'परंतु सरकार' इतकेंच म्हणाले, आणि वाजंत्री सुरू जाहली होती म्हणून पुढचें ऐकूं आलें नाहीं. ते कांहीं दिवस बिऱ्हाडांतून बाहेर पडले नाहींत. मग लोक दारीं रांग धरून उभे राहिले, रांग वाढत चालली, कोणी रडकुंडीस येऊन प्रवाळाच्या जिवासाठीं गयावया करूं लागलें, आणि पंतांनीं दार उघडलें आणि शिक्क्याच्या कुप्या द्यावयास बसले. आधीं डोळे मिटून 'सातां समुद्रांचें सत्त्व' म्हणत, तें मात्र पुढें म्हणेनासे जाहले. म्हणावें लागतही नव्हतें, शिक्काच बोले. त्रिबिंदु पूर्वीं एका राज्यांत खपे, तो आतां पांच राज्यांत खपूं लागला, आणि अंताजीपंत व्याख्यान देत कीं पाहा, पुराव्याची केवढी किंमत असते.

सगुणाबाईस दरबारांत शालजोडी दिली, कीं तिच्या हट्टामुळें राज्याची कीर्ति वाढली. तिनें ती शाल तेथेंच घोड्याच्या पाठीवर टाकिली, आणि त्यावरही दरबार म्हणाला कीं बाईंचा विनय मोठा. मग ती बाजारांत कुप्यांच्या दुकानासमोर खुर्ची मांडून बसूं लागली, आणि घेणारास पुसे कीं परीक्षा जाहली हें वाचलेंत, निकाल काय लागला तें पुसलेंत काय? लोक म्हणत कीं बाईसाहेब, परीक्षा जाहली ना, मग आणखी काय पाहिजे? कांहीं म्हणत कीं निकाल वाईट असता तर सरकारनें शिक्का कशास दिला असता? एक म्हातारे मानकरी तर तिच्याच समोर कुपी घेऊन तिलाच धन्यवाद देऊन गेले, कीं आपण परीक्षा मागितली नसती तर आमचा भरंवसा बसला नसता. त्या दिवशीं तिनें खुर्ची उचलली.

ती घरीं आली तों मधलें दार उघडें होतें आणि सिदोजीराव उंबऱ्याशीं उभे होते. त्यांनीं सांगितलें कीं थेंब बंद केले, निकालाच्या दिवसापासूनच. सगुणाबाईस बरें वाटलें आणि ती म्हणाली कीं निदान एकाला तरी ते हौद पाहून पटलें. राव म्हणाले, "हौद पाहून नव्हे, वहिनी. हौदांतलें मला कांहीं कळलें नाहीं. तो मनुष्य म्हणाला ना, मला ओळखतां आलें नाहीं, तेव्हांचें त्याचें तोंड पाहिलें, आणि घरीं येऊन कुप्या मोरींत ओतल्या." मग तिला हौदापाशीं नेलें. प्रवाळ बहुतेक पांढरें पडलें होतें, त्यावर शेवाळ धरलें होतें, आणि बुडाशीं आडोशास हाताच्या तळव्याएवढा तांबूस तुकडा राहिला होता. वाढतें आहे कीं जातें आहे, असें तिनें पुसलें. राव म्हणाले कीं ठाऊक नाहीं, पावसाळा सरेपर्यंत कळेल. ती पाटावर बसली आणि बाजारांत काय घडलें तें तिनें सांगितलें. रावांनीं दुसरा पाट मांडला, आणि गोजराबाईच्या त्या तुकड्यास त्या दिवशींचें बाजारचें वर्तमान सांगितलें, खुर्चीचें सुद्धां, आणि सगुणाबाई ऐकतां ऐकतां प्रथमच त्या गोष्टीवर हंसली. पावसाळा सरला तेव्हां तुकडा तेवढाच होता. कमी जाहला नव्हता.

एकूण सारांश इतकाच. त्या राज्यांत पुरावा मागणें म्हणजे पाप कीं पुण्य, यावर दरबार भांडला. पुरावा मागितला, मिळाला, आणि मिळाल्यावर त्यास पालखींत बसवून मिरविला. त्याचें म्हणणें काय तें ऐकावयास मात्र कोणी थांबला नाहीं. मागणारीस शाल, हरणारास शिक्का, आणि प्रवाळास जें भोगणें तें भोगणें. सबब हौद पाळणारांनीं पुरावा जरूर मागावा आणि मागून स्वस्थ बसूं नये, त्याचें तोंड उघडून आंत काय आहे तें पाहावें. आतां कोणी म्हणेल कीं या बखरीस पुरावा काय? तर लेखकापाशीं कांहीं नाहीं. हें येथें स्पष्ट लिहून ठेविलें, म्हणजे निदान हिच्यावर तरी कोणी शिक्का मारणार नाहीं.